वाघर

परवा नवी पेठेत एका दुकानाच्या दारात नव्या सुतळीची वेटोळी रचून ठेवली होती. त्या वासानं मला एकदम वडिलांची वाघर आठवली. वाघर म्हणजे मेंढ्यांभोवती लावायचं जाळं, रात्री लांडगा आत शिरू नये म्हणून. कुंभारीपलीकडच्या माळावर आमचा तळ असायचा, आणि दिवस मावळायला वडील मेखा ठोकू लागले की दोरी मी धरायची, हे ठरलेलं. बहात्तरच्या दुष्काळात त्या माळावरचं गवत आधी जळालं, मग गवतातले टोळ दिसेनासे झाले, टोळांवर जगणारी पाखरं कुठं उडून गेली कळलं नाही, ससेही संपले; आमच्या मेंढ्या तेवढ्या, नुसती हाडं उरलेल्या, धूळ हुंगत उभ्या असायच्या. एका संध्याकाळी मी दोरी घेऊन उभी राहिले तरी वडील उठेनात. “आबा, वाघर लावायची न्हाय व्हय?” मी विचारलं. “कुणासाठी?” ते म्हणाले. “लांडग्याचा माग न्हाय कुटं. त्यो शाणा, गेला की. हितं खाण्यासारखं काय ऱ्हायलं न्हाय आता, आपुन धरून.” जन्मभर लांडग्याला शिव्या घालणारी आई चुलीपाशी बसली होती, ती पदर तोंडात कोंबून रडू लागली. पाऊस पुढे आला, माळ काही परत आला नाही. तिथं आता घरांच्या रांगा आहेत, त्यातलंच एक माझं. तिन्हीसांजेला दाराला कडी घालताना अजून कान बाहेर लागतात. बाहेर माणसांशिवाय कुणी नसतं.