सीटखालची वाफ

पुलगावच्या रस्त्यावरून आत वळलं की जे गाव लागतं, तिथं गाडीचा मेकॅनिक नाही. मंदाबाई आहे. पण तिला मेकॅनिक म्हणून बघा, कशी अंगावर येते ते. "मी वांगेवाली आहो," असं ती ठणकावून सांगते, "गाडीचं काम तं वांगे तोडून झाले का करतो."

दोन एकरांत तिची वांगी, मेथी आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे कोथिंबीर म्हणणारा माणूस हमखास बदली होऊन आलेला असतो. हा माल रोज वर्ध्याच्या गुजरीत, म्हणजे भाजीबाजारात, न्यायला तिच्याकडे एक व्हॅन आहे. सोळा वर्षांची, कधीकाळी पांढरी असलेली. या व्हॅनला पुढं नाक नाही, इंजिन पुढच्या सीटच्या खाली. सीट उचलली की बेल्ट, पाइप, वायरी असा सगळा संसार समोर. मंदाबाईला हे फार पटलं. चुलीपुढं बसावं तसं बसून काम करता येतं, कुठं गाडीखाली लोळायला नको.

तिचा नवरा बंडूजी. त्यांना गाडी चालवता येत नाही. एकदा शिकायला बसले आणि गाडी थेट गोठ्यात घातली, तेव्हा म्हशीनं घाबरून दोन दिवस दूध दिलं नाही. तेव्हापासून डावी सीट हीच त्यांची कायमची जागा. मात्र मोबाइलवर दुरुस्तीचे व्हिडिओ पाहून ते बायकोला सूचना देतात. व्हिडिओतला माणूस हिंदीत सांगतो, बंडूजी ते वऱ्हाडीत करून सांगतात, आणि तोवर मंदाबाईनं नट खोलून बाजूला ठेवलेला असतो. गाडी चालली की मग मंदाबाईचं तोंड चालतं. घरी शेत, चूल, गुरं यांच्या रगाड्यात तिला दोन शब्द बोलायची उसंत नसते, पण स्टिअरिंग हातात आलं की वर्धा येईस्तोवर खंड नाही. बंडूजी नुसते हं हं करतात.

गाडीचं सामान ती वर्ध्याला प्रेमदासच्या दुकानातून घेते. आणि कसं घेते, तर भाजी घ्यावी तसं. फॅन बेल्ट वाकवून बघते, होज पाइप दुधी दाबावा तसा दाबते, ब्रेकच्या रबराचा वास घेते. सगळं पसंत पडलं की हात पसरते, "वरतून एखादी क्लिप टाका न भाऊ." प्रेमदास कपाळाला हात लावतो. "मंदाबाई, हे स्पेअर पार्टचं दुकान आहे, गुजरी नाई." तरी क्लिप देतोच. देईल नाही तर काय करेल, ती हलतच नाही तिथून.

आता तिची एक गोष्ट सांगायलाच हवी, तिला राग आला तरी चालेल. मंदाबाईच्या कमरेला एक फडकं खोचलेलं असतं, जवसाच्या तेलात बुडवून पिळलेलं. कालची उरलेली वांगी तिनं त्या फडक्यानं एकदा पुसली की ती आजची होतात. अशी चमकतात की गिऱ्हाईक आधी तीच उचलतं. यात तिला कधी पाप वाटलं नाही. वांगं कालचं असलं तरी वांगंच आहे, त्याचं काही दोडकं होत नाही, असा तिचा हिशेब.

तर यंदाच्या उन्हाळ्यात ही व्हॅन तापायला लागली. महिन्यात तीनदा रस्त्यात बंद पडली. तिसऱ्यांदा तर ऐन रेल्वे फाटकात, आणि मागच्या ट्रकवाल्यानं बंडूजींना जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. बंडूजींचं डोकं फिरलं. त्यांनी पुलगावच्या नत्थू भंगारवाल्याला घरी बोलावून चहा पाजला आणि त्याच्यासमोरच म्हणाले, "आता एकदा रस्त्यात बंद पडली तं ही गाडी तुही."

मंदाबाईला हे झोंबलं. ती कपबशी आपटत म्हणाली, "पडली तं मी सोता याच्या हातात चाबी देईन."

रागात बोलून गेली आणि मग रात्रभर स्वतःलाच शिव्या देत राहिली. कारण व्हॅन गेली की पुन्हा मालाच्या ऑटोची वाट बघत चौकात उभं राहणं आलं. टोपल्यांवर टेकून जायचं, ऑटोवाल्याचा मूड होईल तेव्हा निघायचं, गुजरीत पोचेस्तोवर दुसऱ्यांचा अर्धा माल विकलेला. आठ वर्षं ती अशी दुसऱ्याच्या टायमावर जगली होती. आता तिला ते एक दिवसही नको होतं.

शनिवारी तिनं सीट उचलून रोग शोधला. होज पाइप फुगून चिरला होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. ती लगेच प्रेमदासकडे गेली. त्यानं दोन पाइप पुढं ठेवले. एक डब्यातला, राखट, अंगावर पांढरी भुकटी असलेला. दुसरा खिळ्यावर टांगलेला, काळाभोर, चकचकीत. मंदाबाईनं दोन्ही दाबले, वास घेतला.

"हा डब्यातला कोमेजल्यासारखा दिसते," ती म्हणाली.

"दोन्ही चालते," प्रेमदास रद्दीतून काहीतरी शोधत म्हणाला. वर बघितलं नाही त्यानं.

तिनं चकचकीत घेतला आणि घरी येऊन बसवला. जिनं अख्ख्या वर्ध्याला तेल पुसून वांगी विकली, तिला पॉलिश मारलेला जुना पाइप ताजा वाटला. धन्य आहे बाई.

रविवारी सकाळी माल भरून दोघं निघाले. मंदाबाई खुशीत होती, नणदेच्या रुसून माहेरी गेलेल्या सुनेची गोष्ट रंगात आली होती. वर्ध्याच्या वेशीवर, पिपरी मेघेत शिरताना तिची नजर इंजिनाच्या तापाच्या काट्यावर गेली. काटा चढत होता. ती बोलायची थांबली. बंडूजींनी हं केलं, मग पुढचं वाक्य आलं नाही म्हणून वळून बघितलं.

"काय झालं?"

"काई नाई."

"माह्या बुडाखाली गरम लागून राह्यलं."

"उन्हाळा आहे न मंग." असं म्हणत तिनं गाडी भसकन एका कॉलनीच्या गल्लीत घातली, कडुलिंबाच्या सावलीत उभी केली आणि इंजिन दम तोडायच्या आत आपणच चाबी फिरवली. खाली उतरून मागचं दार उघडलं आणि खणखणीत हाळी दिली, "वांगे, मेथी, सांबार!"

"बजार सोडून इथं काऊन?" बंडूजींनी विचारलं.

"गिऱ्हाईक इथं आहे म्हणून." आणि खरंच, दोन नव्या इमारतींतून बायका पिशव्या घेऊन उतरल्या. दारात ताजी भाजी आलेली कोणाला नको असते? सीटच्या फटीतून वाफेची बारीक रेघ येत होती. मंदाबाईनं ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं. "वजन करून देजा. मी पन्न्या घेऊन येतो, संपल्या," असं पिशव्यांचं निमित्त सांगून तिनं पळत जाऊन ऑटो पकडला.

प्रेमदासच्या दुकानात चारपाच गिऱ्हाइकं उभी होती. मंदाबाईनं नमस्कार नाही, चमत्कार नाही, खिळ्यावरचा दुसरा चकचकीत पाइप काढला, कमरेचं फडकं ओढलं आणि त्यावर खसाखसा फिरवलं. फडकं काळं झालं. पाइपावरच्या भेगा उघड्या पडल्या.

"हे पाहा," तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "प्रेमदासभाऊचा ताजा माल."

गिऱ्हाइकं पुढं सरकली. प्रेमदासचा चेहरा पडला. पण तोही काही कालचा पोर नव्हता. त्यानं हळूच तिच्या हातातलं फडकं घेतलं, नाकाला लावलं.

"हे तं जवसाचं तेल आहे," तो म्हणाला. "मंदाबाई, भाजीवालीच्या कमरेले तेलाचं फडकं काऊन असते?"

मंदाबाईनं फडकं हिसकावून घेतलं.

"माही बायको मेघा नेहमी म्हणते, तुमचे वांगे धुतले का पाण्यावर तवंग येते. मी म्हणतो, वांग्याची जातच तशी असंल." त्यानं गिऱ्हाइकांकडे बघितलं. त्यातली निम्मी गुजरीत मंदाबाईकडूनच भाजी घेणारी होती.

मग प्रेमदासनं डब्यातला राखट पण कोरा पाइप काढून निमूट तिच्या पुढ्यात ठेवला आणि न मागता दोन क्लिपा वर टाकल्या. मंदाबाईनं फडकं परत कमरेला खोचलं. "मेघाले म्हणा, पुढच्या टायमाले खालचे ताजे वांगे काढून देतो," एवढंच बोलून ती बाहेर पडली. दोघांची बरोबरी झाली होती आणि ती दोघांनाही फारशी आवडली नव्हती.

ऑटोतून उतरून ती गल्लीच्या तोंडाशी आली. व्हॅनच्या खिडकीशी नत्थू उभा होता. रविवारी तो पिपरी मेघेत भंगार गोळा करत फिरतो, हे तिच्या ध्यानातच नव्हतं. ती एका स्कूटरच्या आडोशाला थांबली.

"बंद पडली न बंडूजी?" नत्थू विचारत होता.

"कोण म्हणते? दुकान लावलं."

"मंग सुरू करून दाखवा."

"मले चालवता येत नाई, तुले मालूम आहे."

"मंग उठा जरा, सीट उचलून पाहू द्या."

"गुडघा धरला आहे," बंडूजी म्हणाले. "उठता येत नाई."

नत्थू घुटमळला. बंडूजी सीटवर घट्ट बसले होते, तोंड लालबुंद, कपाळावरून घाम निथळत होता, पण जागचे हलले नाहीत. उलट बाकीच्या गिऱ्हाइकांसारखीच त्यांनी मागं हात घालून, बसल्या जागेवरून नत्थूलाही किलोभर वांगी तोलून विकली. तो गेल्यावर मंदाबाई पुढं आली.

"पन्न्या आनल्या का?" बंडूजींनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. पाइप पदराखाली होता.

"दे इकडं. पेचकस माह्या पायाशी आहे." आणि ते कण्हत कण्हत उठले. पँट मागून ओलीचिंब, वाफ अजून निघत होती. दीड तास हा माणूस त्या तव्यावर बसून होता.

मंदाबाईला भरून आलं. लपवायचं कशाला, डोळ्यात पाणी आलं तिच्या. "तुमालेच तं इकाची होती न गाडी," ती म्हणाली.

बंडूजींनी नजर दुसरीकडं वळवली. "घरी तू कुठं बोलते माह्यासंगं," ते म्हणाले. "अन् त्या सुनेचं पुढं काय झालं, ते राह्यलंच न."

शेजारच्या घरून तिनं बादलीभर पाणी मागून आणलं, राखट पाइप बसवला, दोन्ही क्लिपा आवळल्या. काटा मधोमध येऊन थांबला तो थांबला. मालही संपला होता, गुजरीत जायची गरजच उरली नाही. परतीला बंडूजी मागं रिकाम्या टोपल्यांमध्ये पालथे पडून आले.

संध्याकाळी मंदाबाईनं जवसाचं तेल आणि चुन्याची निवळी घोटून त्यांच्या फोडांना लावायला घेतली. स्वच्छ फडक्यानं, हे मुद्दाम सांगतो.

"हलकं पूस," बंडूजी उशीत तोंड खुपसून म्हणाले. "लई चमकवू नको. कोणी ताजा समजून घेऊन जाईन."

सोमवारी डाव्या सीटवर घडी केलेलं पोतं टाकून बंडूजी बसले, मंदाबाईनं चाबी फिरवली, आणि डांबरी रस्ता लागेस्तोवर नणदेची सून माहेराहून परत आली होती.