माइकपासून दीड हात

"पाय रेघंच्या मागं! पुढं सरला की बाद!" चेअरमनसाहेब गरजले, आणि माझ्या माइकपासून दीड हातावर त्यांनी स्वतः खडूची रेघ ओढली.

मी कपाळावर हात मारला. नगर जिल्ह्यात लाऊडस्पीकर लावायचा माझा धंदा. सत्तरचं दशक नुकतंच लागलेलं. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात बापू आणि वसंता हे दोघं सीझनल कारकून होते. सीझनल म्हणजे गळीत संपलं की घरी. दोघंही गिटार घेऊन स्वतः रचलेली गाणी रॉकच्या ढंगात म्हणायचे. साहेबांनी जाहीर केलेलं, "कारखान्याचा बँड काढायचा. सरस गाईल तो पर्मनंट!" वसंताचं लग्न त्या एका शब्दावर अडलेलं.

बापूचा आवाज खडा. वरच्या पट्टीत जायचा, पण फाटायचा नाही. वसंताचा खर्जातला, जरा घोगरा, कानाशी बोलल्यासारखा. असा आवाज माइकला चार बोटांवरूनच द्यावा लागतो. मी तसं सांगितलं.

"ह्यो सहकार हाय. समद्यांना एकच माप," साहेब म्हणाले.

आधी बापू गायला. परीक्षक तर काय विचारता! चीफ केमिस्ट म्हणाले, "रिकव्हरी उत्तम." रिकव्हरी म्हणजे उसातून किती साखर उतरते ते. गाण्यातून काय उतरतं देव जाणे! ऊस यार्डाचे सुपरवायझर म्हणाले, "वजनकाट्यापल्याडच्या बैलांनी माना वळवल्या. लई दम हाय गड्यात!"

मग वसंता. ओठ हलताना दिसत होते, गाणं काही ऐकू येईना. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, जेवला न्हाईस व्हय?"

मला राहवेना. गुपचूप अँप्लिफायरचं बटण चढवलं. अहाहा! यार्डातल्या गाडीवानांनी हातातल्या बिड्या विझवल्या. मला हाव सुटली, आणखी चढवलं. आणि लाऊडस्पीकरचा भोंगा किंचाळला, कुंईंई! भोंग्याचं तोंड माइककडे असलं, की त्यातला आवाज फिरून माइकात शिरतो आणि अशी शिट्टी वाजते. बैल दावी तोडायला लागले.

"याच्या आवाजात खोट हाय," साहेबांनी निकाल दिला. "बापू पर्मनंट."

मी धावत गेलो. "साहेब, ती शिट्टी त्याची नव्हती, माझी होती!"

"मग तुमालाच पर्मनंट करू का?"

सगळे खो खो हसले. वसंता गिटार खांद्याला अडकवून माझ्याजवळ आला.

"शिट्टीच्या आधी ऐकू गेलं ना, मिस्त्री?"

"गेलं रे," एवढंच म्हणालो. मान वर करवेना.

बँड काही निघाला नाही. बापूला यार्डात गाड्यांचे नंबर पुकारायला बसवलं, आणि दोन सीझनमध्ये त्याचा घसा गेला. वसंताची सोयरीक मोडली. मेली ती दीड हाताची रेघ! पण बटण माझ्याच हातात होतं.

तेव्हापासून कुणाला मदत करावीशी वाटली, की आधी भोंग्याचं तोंड कुठे आहे ते बघतो.