काकूंच्या स्कूटरच्या फेऱ्या

नोकरी लागून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा आईने फोनवर विचारलं, "बाबू, तुले काम काय असते रे?"

"रस्त्यावर बसून गाड्या मोजतो," मी खरं ते सांगितलं.

ती म्हणाली, "इंजिनेर होऊन?"

तिचं चुकत नव्हतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. हिवरखेडला आमचा भाजीपाला आणि थोडी शेवंती-झेंडू. शाळेत जाण्याआधी आईबरोबर हार ओवायचे आणि मग तीच पिवळी बोटं घेऊन भूमितीच्या तासाला बसायचं, असं माझं बालपण गेलं. भूमितीच्या सरांनी मला सुट्टीतही शिकवलं, अमरावतीच्या वसतिगृहाने चार वर्षं सांभाळलं, म्हणून मी इंजिनियर झालो. त्या सगळ्यांचे उपकार मनात घेऊन मी अमरावतीतच नोकरीला लागलो आणि पहिल्याच दिवशी हातात एक कागद अडकवायची पाटी, एक पेन आणि प्लास्टिकची खुर्ची मिळाली.

मी आईला समजावून सांगितलं. कुठे नवीन मंगल कार्यालय, दवाखाना, शाळा व्हायची असली, तर तिथे किती गाड्या येतील आणि शेजारच्या रस्त्याला त्या झेपतील का, हे आमचं ऑफिस आधीच पाहतं. आधी आजची वर्दळ मोजायची, मग उद्याची त्यात मिळवायची. शिवाय सगळ्या गाड्या सारख्या धरत नाहीत. मोटारसायकल म्हणजे अर्धी मोटार, आणि बैलगाडी म्हणजे कित्येक मोटारी, कारण ती रस्ता अडवून सावकाश जाते.

"म्हंजे आपली बैलगाडी मोटारीहून मोठी?"

"कागदावर हो."

त्या दिवसापासून माझ्या नोकरीबद्दल आईची काही तक्रार उरली नाही. तिने ही गोष्ट अख्ख्या गल्लीत सांगितली.

मग अकोल्याचं काम आलं. शहराच्या कडेला एका ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, एका संस्थेला घर बांधायचं होतं. मानसिक आजारातून बरे झालेले, पण परत जायला घर किंवा माणूस न उरलेले लोक तिथे राहणार होते. प्रत्येकाला एक खोली, स्वतःची चूल, स्वतःचं दार. खाली एक नर्स आणि देखभाल करणारं जोडपं. ले-आउटमधल्या लोकांनी महापालिकेत अर्ज दिला की यामुळे वाहतुकीची भयंकर कोंडी होईल. अर्जात दुसरं काही लिहिलं नव्हतं. दुसरं काही लिहिणं बरंही दिसलं नसतं. महापालिकेने सांगितलं, वाहतुकीचा अहवाल आणा, मग मंजुरीचं बघू. अहवालाचं काम आमच्याकडे आलं आणि पाटी माझ्याकडे.

कुठल्या जागेला किती गाड्या येतात, याचे तक्ते आमच्या साहेबांनी चाळले. त्यांत फ्लॅट होते, सिनेमागृहं होती, पेट्रोलपंप होते, पण असं घर नव्हतं. "याच संस्थेचं जुनं वसतिगृह आपल्या परतवाडा रोडवर आहे," ते म्हणाले. "तिथे जाऊन बैस. फाटकातून काय आत-बाहेर जातं, तेवढं मोज."

मी जाऊन बसलो. समोरच्या मोठ्या रस्त्यावरून परतवाड्याच्या जीपा माणसं कोंबून धावत होत्या, पण त्या माझ्या नव्हत्या. माझ्या फाटकातून सकाळी दूधवाला गेला, मग भाजीचा एक ऑटो, आणि मग काहीच नाही. आतून एक मावशी आल्या. माझ्या आईच्या वयाच्या, केसांना चापून तेल लावलेलं.

"काय मोजून राहिला, बाबू?"

"गाड्या, मावशी."

त्यांनी रिकाम्या फाटकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "याचा पगार भेटते तुले?"

मला हसू आवरेना. त्याही हसल्या आणि शेजारी बसल्या. दुपारी फाटकातून एक गाय आत आली. मावशी ताठ झाल्या. "लिही."

"गाईचा रकाना नाही, मावशी."

"कावून? आली ना ते बी!"

मी गाय लिहिली नाही, याचं त्यांना दिवसभर वाईट वाटत राहिलं. बोलता बोलता कळलं की त्या मूळच्या बार्शीटाकळीच्या. त्यांची बहीण अकोल्यात एका देवळाशेजारी हार विकते. बहिणीच्या एका खोलीत आधीच पाच माणसं, तिथे सहावं मावत नाही. पण अकोल्याचं घर झालं, तर तिथून देवळापर्यंत पायी जाता येईल, रोज सकाळी बहिणीजवळ बसून हार ओवता येतील. त्यांनी पिशवीतून एक कोरं कुलूप काढलं.

"बाजारातून आनलं. खोलीसाठी. दवाखान्यात होती तेव्हा कुलूप बाहेरून लागे. आता चाबी माह्याजवळ राहीन." मग अगदी सहज त्यांनी विचारलं, "भेटन ना रे मंजुरी?"

ते माझ्या हातात नाही, असं मी म्हणालो. मग पाटीकडे बघितलं आणि वाटलं, थोडं आहे.

अकोल्याच्या ले-आउटमध्ये पोचलो तर स्वागताला मास्तरकाका उभे. ते निवृत्त गणिताचे शिक्षक आणि विरोधाच्या अर्जावर त्यांची सही सगळ्यांत वर. त्यांनी माझी खुर्ची बाजूला सारली आणि घरातून गादीची खुर्ची आणली, वर पाण्याचा जार. "आमचा विरोध त्या घराले हाय, तुले नाई. बस. सावलीत बस."

मधोमध ओपन स्पेस, त्यात मारुतीचं देऊळ, भोवती गोल रस्ता आणि रस्त्याच्या बाहेरच्या कडेला तो रिकामा प्लॉट. मी प्लॉटच्या कोपऱ्यावर बसलो. सुरुवातीला रस्ता इतका शांत होता की मला डुलकी येऊ लागली. मास्तरकाका दोनदा येऊन माझ्या पाटीत डोकावले. रेघा पाहून त्यांचा चेहरा पडला. मग ते घराघरांत गेले, आणि थोड्याच वेळात रस्त्यावर गाड्यांचा पूर आला.

सगळ्यांत पुढे निळी स्कूटर, तिच्यावर मास्तरकाकांच्या पत्नी, म्हणजे काकू. हँडलला पिशवी आणि पिशवीतून बाहेर डोकावणारी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी.

"गरम होऊन राहिलं ना!" म्हणत त्या गेल्या. मी दुचाकीच्या रकान्यात रेघ ओढली.

जरा वेळाने तोच निळा रंग, तोच सांबार. "कोठचा होय तू?"

"हिवरखेड!" मी ओरडलो, पण त्या वळून गेल्या होत्या. ऐकू गेलं की नाही ते पुढच्या फेरीला कळलं.

"हिवरखेड? ओ माय! माहं माहेर तेल्हारा!"

तेल्हारा आमच्या शेजारचंच, त्या नादात रेघ ओढायची राहिली. त्यांच्या मागे एक जण गॅसचं सिलिंडर घेऊन गेला. मी ते सिलिंडर ओळखायला लागलो, इतक्यांदा ते आलं. एकाने आपली मोटार नुसतीच पुढे-मागे केली आणि माझ्याकडे पाहिलं, मोजली का म्हणून. ज्यांना कुठलीच गाडी येत नव्हती ते एक आजोबा काठी टेकत समोरून गेले, परत आले आणि दटावून म्हणाले, "पायी बी लिहा!" मास्तरकाका जुन्या स्कूटरवर अगदी सरळ समोर पाहत जात, जणू माझी-त्यांची ओळखच नाही.

काकूंच्या गप्पा मात्र फेरीफेरीने पुढे जात होत्या.

"घरी काय करतात?"

"भाजीपाला, फुलं!"

"लग्न झालं का?"

"नाही!"

"कावून नाई झालं?" याचं उत्तर मी पूर्ण एक फेरीभर जुळवत बसलो. पुढच्या वेळी काकूंनी न थांबता माझ्या मांडीवर स्टीलचा डबा ठेवला. "साबुदाणा हाय. उपास नसला तरी खाय."

एका हाताने साबुदाणा खात, दुसऱ्या हाताने रेघा ओढत मी बसलो होतो. काय चाललंय ते कळत होतं, तरी नियम नियम होता. समोरून गेली ती गाडी, मग ती कितव्यांदा का जाईना. आतून हसू फुटत होतं आणि त्याच वेळी दिसत होतं की सगळ्या रेघा मावशींच्या कुलपाविरुद्ध पडताहेत.

तेवढ्यात रस्त्यापलीकडे ऑटो थांबला आणि त्यातून वसतिगृहातल्या माझ्या मावशी उतरल्या. अमरावतीहून एसटीने, एकट्या. त्यांना आपला प्लॉट पाहायचा होता आणि तो रस्त्याच्या अलीकडे, माझ्या बाजूला होता. त्यांनी एक पाय रस्त्यावर ठेवला, सिलिंडर आलं. पाय मागे घेतला. परत ठेवला, मास्तरकाका आले. पिशवी छातीशी धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. मी पाटी टाकून उठलो, पण माझ्याआधी निळी स्कूटर करकचून थांबली.

काकू उतरल्या, गाडी रस्त्याच्या मधोमध तशीच लावली आणि मावशींचा हात धरला. मागे सिलिंडर थांबलं, मोटार थांबली, काठीवाले आजोबाही थांबले. त्या ले-आउटमधली ती पहिली खरी कोंडी.

"कोनाच्या घरी आल्या, बाई?" काकूंनी भर रस्त्यात विचारलं.

"माह्याच घरी. अजून बांधलं नाई." मावशींनी प्लॉटकडे बोट केलं. "तिथं."

मागे हॉर्न वाजत होते, ते बंद झाले. काकूंनी हात सोडला नाही, पण वळून प्लॉटकडे पाहिलं. मावशींना वाटलं, हिला पटलं नाही. त्यांनी पिशवीतून कुलूप काढून दाखवलं. काकूंनी कुलूप पाहिलं, मावशींकडे पाहिलं आणि जो प्रश्न त्या कुणालाही विचारल्याशिवाय राहिल्या नसत्या, तोच विचारला.

"माहेर कोठचं?"

"बार्शीटाकळी."

"बार्शीटाकळीले तर माही नणंद देली हाय!" काकू म्हणाल्या. "चाला, पहिले पानी प्या."

मागून मास्तरकाका ओरडले, "अवं, फेऱ्या राहिल्या ना!"

"तुमीच मारा आता."

मलाही आत बोलावलं. काकूंच्या देवघरात परडीत फुलं होती. मावशींनी दोरा मागितला आणि बोलता बोलता ओवायला बसल्या. मीही दुसरं टोक धरलं. माझी बोटं चालताना पाहून त्या म्हणाल्या, "बाप्पा! मोजनाऱ्याले गुंफता बी येते!" चहा आला. मास्तरकाका बशीत ओतून पीत होते, तेव्हा मावशींनी अगदी साध्या काळजीने विचारलं, "भाऊ, इथं रोजच एवढ्या गाड्या असतात? मंग मी रस्ता कशी वलांडीन? बहिनीकडे जा लागते मले."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. मास्तरकाका बशीत पाहत राहिले.

"एवढ्या नसतात," ते शेवटी पुटपुटले.

"दिवसभर कुत्रं बी नसते रस्त्यावर," काकू म्हणाल्या आणि एवढ्या मोठ्याने हसल्या की मावशींच्या हातातला हार सुटला. मग आम्ही सगळेच हसत सुटलो. दारात सिलिंडरवाले आले होते, तेही. मास्तरकाका हसले सर्वांत शेवटी, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

निघताना त्यांनी मला फाटकाशी गाठलं. "आमाले रस्ता भरून गेला हाय एवढंच दाखवाचं होतं."

"काका, रस्ता खरंच भरलेला निघाला, तर आम्हाला रुंदीकरण सुचवावं लागतं."

त्यांनी रस्त्यावर पुढे आलेला आपला ओटा पाहिला, गाडी चढवायचा उतार पाहिला, त्याला टेकून चढलेली जाई पाहिली. "आजचं मोजनं रद्द नाई होत काय?"

"झालंच रद्द. मी मधेच उठलो ना. पुन्हा मोजावं लागेल."

"ये मंग. खुर्ची हायच. फक्त एक लिही," त्यांचा आवाज शिक्षकाचा झाला. "त्या वळनावर पोट्टे लय जोरात येतात. तिथं गतिरोधक पाहिजे. ते बाई कशी वलांडनार?"

मी पुन्हा मोजलं. रस्ता शांत होता. साहेबांनी अहवालात लिहिलं की या घराने वर्दळीत जेमतेम भर पडेल, आणि वळणावर गतिरोधक व पांढरे पट्टे करावेत. सुनावणीला मास्तरकाका उभे राहिले आणि फक्त गतिरोधकावर बोलले, फार बोलले. मंजुरी मिळाली.

घर झाल्यावर मी एकदा अकोल्यात गेलो होतो, तेव्हा सवयीने नव्या घराच्या फाटकाशी थांबलो. दूधवाला गेला, भाजीचा ऑटो गेला, अगदी अंदाजाप्रमाणे. मग निळी स्कूटर आत गेली आणि हार घेऊन बाहेर पडली. काकू रोज सकाळी देवासाठी मावशींकडून हार नेतात आणि दुपारी नुसत्याच येतात, हे मला नंतर कळलं. अहवालात ही वर्दळ धरलेली नव्हती. माझा अंदाज चुकला होता आणि मला त्याचा भयंकर आनंद झाला.

मावशी बाहेर आल्या. दार ओढलं, कुलूप लावलं, दोनदा हिसका देऊन पाहिलं, किल्ली कमरेला खोचली. मी म्हणालो, चला, रस्ता ओलांडून देतो. त्यांनी मला बाजूला केलं. पांढऱ्या पट्ट्यांवर उभं राहून ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर केला, आणि त्यांच्याआधी फाटकातून निघून गोल रस्त्याने वळणावर आलेली निळी स्कूटर गतिरोधकावर कचकन थांबली. मावशी ऐटीत, सावकाश, बैलगाडीसारख्या पलीकडे गेल्या.

काकूंनी माझ्याकडे मान वळवली.

"काय रे, झालं का लग्न?"