पेनी खर्चायला निघालेल्या बायका

भर गप्पांतून एखादी बाई उठली, पर्स काखोटीला मारली आणि म्हणाली, "आलेच हं, एक पेनी खर्चून," तर ती कुठे निघाली असं वाटेल तुम्हाला? बिस्किटं आणायला? साफ चुकलात. ती मुतायला निघालीय. इंग्लंडात आमच्याकडे असंच म्हणतात. म्हणजे बायका म्हणतात. पुरुष का म्हणत नाहीत, हा किडा एनिड हिंडलच्या डोक्यात शिरला आणि काही केल्या निघेना.

रॉथले या गिरण्यांच्या गावात, बाजारचौकाच्या पोटात, पायऱ्या उतरून गेलं की बायकांचं शौचालय होतं. एनिड तिथली राखणदारीण. तोंडाने फटकळ, हाताने लख्ख. प्रत्येक दारावर पितळी कुलूप होतं. फटीत पेनी टाकली की खिटी सुटायची. पलीकडे पुरुषांचं होतं. तिथे उभ्याने उरकायचं तर फुकट.

म्हणून बायकांनी आपली रीत काढली होती. आतून बाहेर पडणारी दार लावायचीच नाही. टाचेने अडवून धरायचं, पुढचीने पकडायचं, की तिची पेनी वाचली. ओळख नको की आभार नकोत. एकदा लंडनच्या एका पाहुणीने शिस्तीत दार लोटून खटकन लावलं, तेव्हा सगळ्या रांगेने तिच्याकडे असं पाहिलं की बिचारी हात न धुताच वर पळाली.

दार लावून घेणं हे एनिडचं काम. ती नेमकी त्या वेळी पाठ करून नळ घासत बसायची.

नळ घासता घासता विचारायची, "काय गं, ही पेनीची बोली आली कुठून?"

"कुठून म्हणजे? या मेल्या कुलपातून!" भाजीवाली मार्था म्हणायची.

"मग पुरुषांच्या आतल्या दारांनाही कुलूप आहे की. ते का नाही म्हणत?"

"त्यांना रोज कुठे लागतं ते? आपल्याला प्रत्येक खेपेला दार लागतं. आणि दार म्हटलं की पेनी."

एनिडला हे पटायचं. पण तेवढ्याने तिचं पोट भरायचं नाही.

एक दिवस नगरपालिकेचे ऑग्डेनसाहेब आले. बायकांच्या जागेत उतरायचं कसं? पायऱ्यांच्या टोकाशी टोपी हातात धरून उभे राहिले. एनिड वर गेली.

"हिंडलबाई, म्हणजे... खाली बायका पुष्कळ येतात, पण... जमा फार कमी."

"थंडी आहे साहेब. येतात, पण आखडतं, होतच नाही."

साहेब कानापर्यंत लाल झाले. "सोमवारी इथे फिरतं फाटक बसतंय. पेनीला एकच बाई. बाजूच्या छोट्या दाराची किल्ली तुमच्याकडे राहील, फक्त बादली-झाडूसाठी. तिथून कुणाला सोडलंत तर नोकरी गेली समजा."

विधवेला ती नोकरी म्हणजे घरातला कोळसा आणि ताटातला पाव. तिने मान हलवली. पण साहेब वळताना राहवलं नाही. "साहेब, ही पेनीची बोली कुठली हो?"

ते थबकले. मग चक्क हसले. "माझे आजोबा सांगायचे, लंडनला काचेच्या महालात मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे पहिल्यांदा पेनी घेऊन सोय केली. खरं-खोटं तेच जाणोत."

"आणि तुम्ही म्हणता का घरी असं?"

"छे! बायकांचं बोलणं ते."

फाटक बसलं. लोखंडी दांडे, एका वेळी एक माणूस, तेही सडपातळ. गुरुवारी बाजार भरला आणि ब्रेंडा करशॉ आली. दिवस भरत आलेले, दोन्ही हातांत पिशव्या. तिने पेनी टाकली, दांडा पुढे ढकलला आणि पोटाशी अडकली. ना पुढे, ना मागे.

"एनिड, लवकर गं! इथेच होईल माझं!"

मागे रांग. आणि रांगेच्या बाजूला, फाटक नीट चालतंय का ते बघायला आलेले ऑग्डेनसाहेब.

एनिडचा हात एप्रनच्या खिशातल्या किल्लीवर गेला. साहेबांनी तो पाहिला. मग समोरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

तिने ब्रेंडाला मागे ओढून सोडवलं आणि छोटं दार सताड उघडलं. ब्रेंडा धावली. एनिड दार लावायला वळली, तर मार्थाची टाच तिथे आधीच टेकलेली. मार्थामागून दुसरी, दुसरीमागून तिसरी. फाटकाकडे कुणी फिरकलं नाही.

"साहेब," एनिड म्हणाली, "ब्रेंडाचा नवरा समोर मोकळा होऊन आला. फुकट. हिने पेनी भरली आणि अडकली. आता लिहा काय लिहायचं ते."

त्यांनी लिहिलं. शनिवारी एनिडने एप्रन आणि किल्ली परत केली. पुढे ती गिरणीच्या उपाहारगृहात बशा धुवायला लागली, कमी पगारावर. बोलीचं मूळ तिला सापडलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "महालात जन्मली असेल नाहीतर कुलपात. पोसली आपण बायकांनी."

दोनेक वर्षांनी कायदा झाला आणि देशभरातल्या अशा जागांची फिरती फाटकं निघाली. पेनी राहिलीच.

आता तुमच्याकडे एक मागणं. स्टँडवर, बाजारात, कुठेही बाईकडे या कामाचे पैसे मागितले, तर सुटे शोधू नका. आधी विचारा, "शेजारी पुरुषांकडून किती घेता?" आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.