अर्धा भाला

माझी मुलगी दीपमाला आजवर घोड्यावर बसलेली नाही. चौसाळ्याला वरातीत घोडी पाहिली, तेवढीच ओळख. तरी बीडला बी.ए. करता करता, एसटीत मांडीवर वही ठेवून तिने घोडदळाची कादंबरी लिहिली. त्यातले घोडे पावसात पेटतात आणि एकाच माणसाचं ऐकतात. कॉलेजच्या पोरांनी ती फोनवर वाचली आणि एकच प्रश्न लावून धरला, या स्वारांनी राजाविरुद्ध बंड का केलं होतं? म्हणून तिने त्या बंडाची, म्हणजे आधीची गोष्ट लिहिली. ती छापायला एक प्रकाशक तयार झाला.

त्या राज्यात घोडा आणि स्वार मिळून एक भाला मोजतात. घोडा मेला की सरदार त्या स्वाराला अर्धा भाला धरतो. तो फौजेच्या शेपटाला चालतो, त्याला तंबू नसतो. झुंजा नावाची बाई असे तीनशे अर्धे भाले गोळा करते.

हे कुठून आलं ते आमच्या घरात कुणाला विचारावं लागलं नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माझी नणंद कडूबाई नवरा वारल्यापासून, नऊ वर्षं, अर्धा कोयता आहे. त्यांच्या टोळीचा मुकादम सुंदरराव, माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ.

दीपमालाने कॉलेजात एक प्रकरण वाचून दाखवलं, कुणीतरी त्याचा व्हिडिओ सुंदररावला पाठवला. रविवारी तो आला.

"वहिनी, घरात शेळी न्हाई अन् पोरगी घोडदळ चालवायलीय!" हसत हसत त्याने चहा घेतला. कप खाली ठेवला. "लोक मला सरदार म्हणून चिडवायलेत. त्यो अर्धा भाला पुस्तकातून काढा. न्हाईतर कडूबाईला म्हणावं, औंदा दुसरी टोळी बघ."

"पुस्तकातला सरदार लई देखणा हाय, काका," दीपमाला म्हणाली. "तुमी कशाला अंगावर घेता?"

मी तिलाच गप्प केलं. त्याला नाही, तिला. तो गेल्यावर प्रकाशकाकडून आलेले तपासायचे कागद घेतले आणि लाल पेनाने अकरा ठिकाणी 'अर्धा भाला' खोडून 'एकटा स्वार' लिहिलं. मीही पदवीधर आहे. त्या पदवीचा आजवर मी केलेला सर्वांत हलकट उपयोग हा.

दीपमालाने कागद पाहिले. "आता तूच पाठव, आई. तुझंच पुस्तक झालंय."

संध्याकाळी कडूबाई आल्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून दीपमालाने सगळं वाचून दाखवलं, मी खोडलेलंसुद्धा.

"काढलंस कावून?" त्यांनी मला विचारलं.

"तुमच्यासाठीच, वन्सं. त्यानं कामावर घेतलं नाही तर?"

"दुसरा मुकादम न्हाई का जिल्ह्यात? अन् माझ्या नावानं तू कशाला भितीस?" मग त्या पोरीकडे वळल्या. "पर तुझं बी चुकलंय गं. अर्ध्या कोयत्याची मोळी काय अर्धी नसती. डोक्यावर पुरीच येती. फळीवरून ट्रकात बी तीच घेऊन चढायचं. तुझ्या झुंजाला मेलेल्या घोड्याचं जीन वाहायला लाव."

मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. कुणी पाहुण्यांनी विचारलं, नणंद काय करते, की मीही नऊ वर्षं सांगत आले, "अर्धा कोयता आहे." जणू ते त्यांचं शिक्षण. सुंदररावने मोजलं आणि मी ते पाठ केलं.

आता घर झोपलं आहे. अकराही ठिकाणी मी माझं 'एकटा स्वार' खोडून 'अर्धा भाला' परत लिहिला. काही जागी कागद फाटला. शेवटच्या पानावर दीपमालाने जीन वाहणारी झुंजा बारीक अक्षरात बसवली आहे.

भीती गेलेली नाही. हंगाम महिन्यावर आला आहे आणि सुंदरराव बोलल्याप्रमाणे करेल. पण प्रकाशकाला जाणाऱ्या पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी पोरीचं नाव होतं, ते काढून मी माझं घातलं. त्याला जाब विचारायचा असेल तर माझ्या दारात यावं. या वेळी चहा मिळणार नाही.