गुलाबभाऊंचं टोळी तिकीट

गुलाब मेश्राम यांना बॉक्सिंगमधलं काहीच कळत नव्हतं. साकोलीत बस स्टँडच्या मागे त्यांचा फोटो स्टुडिओ. तीस वर्षं त्यांनी लग्नं शूट केली. बोलणं हळू, चालणं त्याहून हळू. आमच्या स्पर्धेचं शूटिंग करायला ते आले ते केवळ त्या दिवशी लग्न नव्हतं म्हणून.

मी भुपेंद्र कापगते. एकोडीत एका बंद पडलेल्या राइस मिलच्या गोदामात मुलामुलींना बॉक्सिंग शिकवतो. दरवर्षी एक स्पर्धा घ्यायचो. खर्च एक देणगीदार करायचे. त्यांचं भाषण तासभर चालायचं आणि पोरींच्या लढती नऊ-नऊ मिनिटांत संपायच्या. त्या वर्षी ते म्हणाले, पुढच्या वेळी जमणार नाही. स्पर्धा संपल्यावर मी रिंगचे दोर सोडत होतो. गुलाबभाऊ कॅमेरा बॅगेत भरता भरता थांबले.

"सर, एवढ्या जीव तोडून लढून राहिल्या पोट्ट्या, अन् पाहाले साठ मानसं? यायच्या घरचे कुठी हायेत?"

"कामाला गेलेत. कोणी सुरतला, कोणी पुण्याला, कोणी तेलंगणात मिरची तोडायला."

"मंग त्यायले तिथंच दाखवू. मोबाइलवर. तीस रुपये तिकीट."

मला हसू आलं. "भाऊ, मोबाइलवर सगळं जग फुकट दिसतं. पैसे कोण देईल?"

"जगाचे नाई देत. आपल्या पोरीचे देते."

लग्नाआधी हळद शूट करतात, तशी त्यांनी प्रत्येक खेळाडूची दोन मिनिटांची फिल्म काढली. घरोघरी गेले. तृप्ती रामटेके तलावाच्या पाळीवरून पळतेय आणि मागून तिची आजी ओरडतेय, "अवो, चहा तं पिऊन जा!" या फिल्म त्यांनी सगळ्यांना फुकट पाठवल्या. लढत पाहायची असेल तर मात्र तिकीट. पैसे आले की गुलाबभाऊ लिंक पाठवायचे.

पहिला कार्यक्रम डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी झाला. दोनशे बारा तिकिटं गेली. चौथ्या लढतीत नेटवर्क गेलं. गुलाबभाऊ एक सिम काढत होते, दुसरं घालत होते. चाळीस मिनिटांनी चित्र परत आलं, तोवर सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत गेलो, तर ते एकेकाला पैसे परत पाठवत होते. नुसते पैसे नाही, सोबत आवाजी निरोपही. "कैलाशभाऊ, मी साकोलीवरून गुलाब. तुमच्या भाचीची लढत अर्धीच दिसली. चूक आमची हाय. माफी द्या."

"भाऊ, कोणी मागितले तरी होते का?"

"मांगन्याची वाट पाहू काय?" ते वर न बघता म्हणाले आणि पुढचा नंबर लावला.

दोनशे बारा माणसांना दोनशे बारा निरोप. तीन दिवस लागले. जनरेटर, डॉक्टर, पंच, अँब्युलन्स यांचे पैसे आधीच गेले होते, तेही बरेचसे त्यांच्याच लग्नांच्या शूटिंगच्या कमाईतून. मी अठरा वर्षं पोरांना ठोसा खाऊन उभं राहायला शिकवतोय. पण त्या खुर्चीत बसलेला तो सावकाश माणूस पाहून मी शेजारी बसलो आणि यादीतले पुढचे नंबर वाचून देऊ लागलो.

फेब्रुवारीत दुसरा कार्यक्रम. या वेळी त्यांनी तीन कंपन्यांची सिम घेतली आणि ग्रामपंचायतीच्या तारेवरूनही इंटरनेट आणलं. तिकिटं वाढून दोनशे नव्वद झाली. पैसे परत मिळालेले बहुतेक सगळे पुन्हा आले होते. तृप्ती जिंकली. लगेच गुलाबभाऊंचा फोन वाजला. तिची आई रीताबाई तेलंगणातून व्हिडिओ कॉल करत होती.

"भाऊ, पाह्यलं आमी! सगळ्यायनं पाह्यलं!"

मागून मोठा कल्ला ऐकू येत होता. गुलाबभाऊंनी विचारलं, "किती जन हाव तुमी?"

"एक्केचाळीस."

"अन् तिकीट?"

रीताबाईने मोबाइल तोंडाजवळ आणला. मग हळूच म्हणाली, "एकच काढलं जी. आमच्यापाशी मोठा मोबाइल एकच हाय."

माझ्या मनात पटकन हिशेब झाला. अशा चार-पाच टोळ्या असतील तर आपण बुडालोच. गुलाबभाऊ म्हणाले, "बाई, जरा मोबाइल फिरवा."

तिने फिरवला. लालभडक मिरच्यांच्या ढिगांमध्ये बायका उभ्या होत्या. डोक्याला रुमाल, नाकातोंडाला पदर बांधलेला, फक्त डोळे दिसत होते. रीताबाई म्हणाली, लढतीच्या वेळी मोबाइल बांबूला बांधून उंच धरला होता, म्हणून मागच्यांनाही दिसलं. आम्हाला बघून सगळ्यांनी हात वर केले आणि एकदम ओरडल्या, "तृप्ती! तृप्ती!" मिरचीच्या तिखट धुळीने की आणखी कशाने, पण सगळ्यांचे डोळे वाहत होते.

गुलाबभाऊंनी चष्मा काढून पुसला.

"सर, एवढी मानसं तं आज आपल्या हॉलमंदीबी नोयती."

त्या आठवड्यात मी म्हणालो, एका तिकिटावर एकालाच पाहता येईल असं काही कुलूप बसवू. कंपन्या तसंच करतात.

"कुलूप लावलं तं चाळीस बाया उठून जातीन. मंग हात वर करन कोन?"

त्यांनी टोळी तिकीट काढलं. दीडशे रुपये, माणसं कितीही. मुकादमाने काढावं नाहीतर सगळ्यांनी मिळून. त्या टोळीचं नाव लढतीआधी मी माइकवरून घ्यायचं. नाव ऐकण्यासाठी लोक तिकीट काढू लागले. सुरतेच्या कारखान्यातली खोली, पुण्यातलं मुलींचं होस्टेल, वीटभट्टीवरचे मजूर. एकदा मोहाडीच्या बाजारातल्या भाजीवाल्यांनी मिळून काढलं आणि बाजाराचं नाव घ्यायला लावलं. माइकवर ती यादी वाचताना मला दरवेळी वाटायचं, आपल्या या गोदामाला भिंतीच नाहीत.

तरी पैसा जुळायला वेळ लागला. मधे बाहेरगावची एक कंपनी आली होती. एका रात्रीचा मोठा कार्यक्रम, नावाजलेला बॉक्सर, भरपूर रक्कम. मी तयार होतो. गुलाबभाऊंनी एवढंच विचारलं, "अन् दुसऱ्या दिवशी आपल्या पोट्ट्या कुठी लढतीन?" त्याच संध्याकाळी मी कंपनीला नाही कळवलं.

आम्ही दर दोन महिन्यांनी आमचाच छोटा कार्यक्रम करत राहिलो. आठव्या वेळी एकशे अठरा टोळ्या आल्या. एकट्याने पाहणारे वेगळे, बियाण्याच्या दुकानाची आणि एका सराफाची जाहिरात वेगळी. सगळा खर्च निघाला, खेळाडूंना प्रत्येकी दोन हजार मानधन दिलं आणि तरी थोडे उरले. मी कागद तीनदा तपासला. कोणाचंही भाषण न ऐकता स्पर्धा स्वतःच्या पायावर उभी राहिली होती.

यंदा एप्रिलमध्ये मिरचीचा हंगाम आटोपून रीताबाई गावी आली आणि पहिल्यांदाच हॉलमध्ये बसली. गुलाबभाऊंनी तिला रिंगच्या अगदी जवळची खुर्ची दिली. तृप्तीची लढत सुरू झाली, पहिला ठोसा बसला आणि रीताबाई उठली. थेट गुलाबभाऊंच्या टेबलाशी येऊन, पदर तोंडात धरून, मोबाइलवर जाणारं तेच चित्र त्यांच्या छोट्या पडद्यावर पाहू लागली.

"काहून बाई? तिथून बरं दिसते ना!"

"तिथं लय जवळ हाय जी. मी एकटी पडतो. इथं आमच्या टोळीच्या सगळ्या बाया आपापल्या गावाहून पाहून राहिल्या ना."

गुलाबभाऊंनी आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि स्वतः उभे राहिले. तृप्ती त्या दिवशी हरली. रीताबाईने तरीही दोन्ही हात वर केले. पडद्याच्या कोपऱ्यात, कुठल्या कुठल्या गावांहून, निरोप येतच होते.