आठवा स्टड

नालागोन, अब्दोन. वय वर्षे एकसष्ट. राहणार मिआगाओ, चर्चच्या मागील गल्ली. नगर कार्यालयाच्या कुशल कारागिरांच्या नोंदवहीत ‘इंजिन दुरुस्ती, वर्ग दोन’ या सदरात समाविष्ट. वर्ग एकसाठी आवश्यक असलेली लेखी परीक्षा सदर इसमाने दिलेली नाही. परीक्षा घेणाऱ्या साहेबांची गाडी मात्र तीन वेळा दुरुस्त केलेली आहे. विशेष कौशल्य: इंजिनाच्या हेडमध्ये (वरचा ठोकळा) अडकलेले अथवा तुटलेले स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) काढणे. स्वभाव: कार्यालयास ज्ञात नाही. शारीरिक दोष: निरंक.

दोन्ही हात थरथरतात.

गावाच्या मते हा पास्मा. तापलेल्या हातांवर गार पाणी पडलं की शिरा बिथरतात आणि जन्मभर बिथरलेल्याच राहतात, हे मिआगाओत कोणाला शिकवावं लागत नाही. इस्त्री करून उठलेली बाई त्या दिवशी भांड्यांना हात लावत नाही, आणि नवराही तिला लाव म्हणत नाही. अब्दोनने तरुणपणी एकदा वेल्डिंग संपवून सरळ विहिरीवर जाऊन हात धुतले होते, असं त्याची आई मरेपर्यंत सांगत होती. उपाय तीन: मिठाचं कोमट पाणी, पेरूची पानं आणि स्वतःचं मूत्र. त्याने तिन्ही करून पाहिले होते. तिसऱ्याबद्दल तो बोलत नसे. तेव्हापासून आगीचं काम केलं की तो संध्याकाळपर्यंत हात धूत नसे. फडक्याला पुसायचे आणि पुढे चालायचं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता त्याच्या बाकावर दुलोच्या जीपनीचं बिडाचं हेड पडलं होतं, आणि हेडात आठवा स्टड होता.

दुलो म्हणजे तेओदुलो फामातिद. मिआगाओ ते इलोइलो शहर या रस्त्यावर तीस वर्षं जीपनी, म्हणजे प्रवाशांची लांबडी जीप, हाकणारा. त्याच्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला अब्दोन धर्मपिता म्हणून उभा राहिला, त्या दिवसापासून दोघं एकमेकांना ‘पारे’ म्हणत. त्याआधी नुसत्या शिव्या देत. धुराची नळी हेडला जिथे बसते तिथे आठ स्टड असतात. त्यांतले दोन चालत्या गाडीत तुटले, तेव्हापासून जीपनी अशी डरकाळत होती की रस्त्याकडेची कुत्री भुंकायचं सोडून ऐकत बसत. बाकीचे सहा गंजून हेडाशी एकजीव झाले होते. गुरुवारी दिवसभरात सात निघाले.

आणि शुक्रवारी दुपारी चारला शहरातल्या वाहतूक कचेरीत गाडी दाखवायची होती. मुदतीचा शेवटचा दिवस. गाडी पास झाली नाही तर दुलोचा मार्गपरवाना रद्द, आणि तो रस्ता पांढऱ्या मिनीबसवाल्या कंपनीकडे. हेड परत बसवायला चार तास, शहराला एक, तिथल्या रांगेला एक. म्हणजे दहापर्यंत स्टड बाहेर हवा.

“पारे, किती वेळ?” दुलोने विचारलं.

“लोखंडाला विचार.”

“लोखंड बोलत नाही. तूही बोलत नाहीस. सकाळपासून मी तुझ्या कोंबड्याशी बोलतोय.”

“मग त्याला विचार.”

पद्धत ठरलेली होती. स्टडच्या तुटक्या तोंडावर वेल्डिंगने नट चिकटवायचा, लाल असतानाच बुडाशी मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांत शिरतं. मग थांबायचं. चर्चचा सेवक अब्दोनला वेदीवरची उरलेली थोटकं आणून देई. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीतलं थोटूक असेल तर स्टड हमखास सुटतो, असं अब्दोनचं मत होतं. न सुटल्यास तो थोटकाच्या अस्सलपणावर शंका घेई.

आज नट दोनदा चिकटवला आणि दोनदा पान्याबरोबर तुटून हातात आला. दुसऱ्यांदा स्टडचा तुकडाही घेऊन आला. आता स्टड भोकात खोल गेला होता, वेल्डिंग पोहोचत नव्हतं. उरला एकच उपाय: बरोबर मध्यावर ड्रिलने भोक पाडायचं, त्यात चौकोनी खुंटी ठोकायची आणि तिच्यासकट स्टड उलटा फिरवायचा. मध्य केसभर चुकला तर ड्रिल स्टड सोडून हेडाचे आटे खातं. मग हेड भंगारात. आणि नवं हेड दुपारी चारपर्यंत मिआगाओत देवही पाठवणार नव्हता.

“मग पाड ना भोक!”

“हात तापलेत. तासभर विसावू देत.”

 पास्म्यापुढे दुलोचाही इलाज नव्हता. त्याने कोंबड्याभोवती एक फेरी मारली, रस्त्यापर्यंत गेला, परत आला, घड्याळ काढून खिशात टाकलं आणि लगेच पुन्हा काढलं. अब्दोनही बसेना. दोन्ही हात अंगापासून लांब धरून तो छपराखाली येरझाऱ्या घालत राहिला. मागच्या खोलीत त्याची बायको साबेल मागावर बसली होती. धोटा इकडून तिकडे जाई, फणी खटकन आपटे, आणि प्रत्येक खटक्याला दुलो दचके.

“साबेल, जरा थांबव गं ते!”

“तुझी गाडी थांबलीये, माझा माग नाही,” आतून उत्तर आलं.

सव्वाआठ वाजता अब्दोनला राहवेना. त्याने ड्रिलसाठी खूण पाडायचा टोकदार पंच उचलला, टोक स्टडच्या मध्यावर ठेवलं, हातोडी मारली. पंच घसरला. खूण मध्यापासून तांदळाच्या अर्ध्या दाण्याइतकी बाजूला उमटली.

“हात,” तो म्हणाला. एवढंच. पंच बाकावर ठेवताना तो दोनदा वाजला.

मागचा खटखटाट थांबला. साबेल दारात आली. तिने आधी हेड पाहिलं, मग पंच उचलून बोटांत फिरवला.

“हात नाही, मेण,” ती म्हणाली. “हा पंच माशासारखा निसटतोय. कालपासूनचं तेल, कालपासूनचं मेण. तू जेवलास कसा या हातांनी?”

“चमच्याने.”

“साबण लाव आणि धू.”

“नांग साबेल!” दुलो ओरडला. ती त्याच्याहून वर्षाने लहान होती, पण भीतीने त्याने तिला थोरली करून टाकलं. “आत्ता तर आगीतून उठलाय तो. हात जातील त्याचे!”

“आणखी किती जाणारेत? चाळीस वर्षं सांभाळले, थरथर कमी झाली?” ती अब्दोनकडे वळली. “धागा तुटला की मी काय करते? आधी हात धुते. तेलकट हाताने गाठ बसत नाही.”

अब्दोनला घड्याळ शोधावं लागलं नाही, कारण ते दुलोच्या हातात होतं आणि दुलोचा हात त्याच्या नाकासमोर होता. साडेआठ.

तो पिंपापाशी गेला. आईचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला. त्यात नवीन काही नव्हतं. त्याने गार पाण्यात कोपरापर्यंत हात घातले आणि साबण लावून नखांपासून घासले. दुलोने छातीवर क्रूस काढला, तो अब्दोनसाठी होता की हेडासाठी, हे सांगणं कठीण.

हात तेव्हाही थरथरतच होते. पण पंच आता बोटांत रुतून बसला. त्याने कोपर बाकाला टेकवलं, चुकलेली खूण बारीक छिन्नीने ठोकून बुजवली आणि टोक पुन्हा ठेवलं. थरथर एका लयीत येते हे त्याला ठाऊक होतं. मध्ये क्षणभर ती विसावते. तो त्या क्षणाची वाट पाहत राहिला. एक गेला. दुसरा गेला.

“मार की!” दुलो कुजबुजला.

“तू श्वास घेऊ नकोस.”

तिसऱ्याला हातोडी पडली. खूण मध्यावर.

ड्रिल हळूहळू उतरलं, चकचकीत कीस वर आला. अब्दोनने स्वतः घासून केलेली चौकोनी खुंटी आत ठोकली, हेड पुन्हा तापवलं, थोटूक टेकवलं, पान्याला जोर दिला. काही नाही. थोडं उलट, थोडं सुलट. मग दाढ हलावी तसा बारीक ‘कट’ आवाज आला, आणि अब्दोनने डोळे मिटले, कारण स्टड सुटतानाही असाच आवाज येतो आणि खुंटी मोडतानाही.

स्टड फिरत होता. पावणेदहा.

पुढचे चार तास कोणी कोणाशी सरळ बोललं नाही, सगळे नट-बोल्टशी बोलले. पावणेदोनला जीपनी निघाली. अब्दोन पुढच्या सीटवर, कान बॉनेटकडे. इंजिन गुरगुरत होतं, डरकाळत नव्हतं. तरी वाटेतल्या ओटोन गावापर्यंत त्याने तीनदा गाडी थांबवायला लावली आणि तीनदा आठव्या स्टडच्या नटाला हात लावून आला.

“पारे, आणखी एकदा थांबवलंस तर तुला इथेच सोडीन.”

“सोड. मी चालत येऊन बघीन.”

कचेरीच्या आवारात पस्तीस जीपनी रांगेत होत्या. ऊन रणरणत होतं, डिझेल जाळायला नको म्हणून सगळ्यांनी इंजिनं बंद केली होती, आणि रांग पुढे सरकली की ड्रायव्हर खाली उतरून आपापली गाडी ढकलत. दुलो आणि अब्दोननेही ढकलली. चारला दहा मिनिटं असताना तपासणीचे साहेब आले, कागद पाहिले, मागच्या दिव्यावर पेनाने टकटक केली, काचेवर चिठ्ठी चिकटवली आणि अर्जावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘इंजिन, धूर व आवाज यांची प्रत्यक्ष तपासणी केली. समाधानकारक. परवाना कायम.’

इंजिन चालू करायला कोणी सांगितलं नव्हतं.